बिल का वाढले? : घरच्या ब्रॉडबँड देयकाचे वाचन

दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे. वस्तू व सेवा कर, करबीजक, शेअर्स असा त्यातील मजकूर परीक्षेत हमखास विचारला जातो आणि परीक्षा संपताच हमखास विसरला जातो. गेल्या वर्षी जानेवारीत या प्रकरणाची उजळणी घेताना आम्ही वर्गाला सांगितले, की संक्रांतीला घरी जाणाऱ्यांनी परत येताना घरातील एखादे खरे बिल आणावे. पुस्तकातील दुकानदारांना तेवढीच विश्रांती.

मुलांनी औषधांची, खतांची, मोबाइल दुरुस्तीची बिले आणली. एका मुलीने गावातील झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतलेले दोन कागद पुढे केले. घरच्या ब्रॉडबँडचे डिसेंबरचे बिल ५८८ रुपये ८२ पैसे होते आणि जानेवारीचे ९४१ रुपये ६४ पैसे. कागद देताना ती म्हणाली, “सर, यावरून घरात भांडण झालंय.”

भांडण असे होते. मुलीची आई अंगणवाडीत मदतनीस आहे, वडील गवंडीकाम करतात. थोरली बहीण पदवीधर असून घरी राहून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करते. शहरात खोली घेऊन शिकवणी लावणे परवडणारे नव्हते, म्हणून घरात ब्रॉडबँड घेतले. जानेवारीचे बिल आले तेव्हा वडिलांनी एकच अनुमान काढले : मुलगी रात्र रात्र व्हिडिओ पाहते, म्हणून बिल चढले. तिनेही मनातून ते मान्य केले आणि आठ दिवस तिने व्याख्याने ऐकणे बंद ठेवले. पुढच्या महिन्यात जोडणीच बंद करायची, असे घरात जवळजवळ ठरले होते.

या लेखाचे मूळ कारण तेच अनुमान आहे. ते चुकीचे होते, आणि असे चुकीचे अनुमान अनेक घरांत निघते. विजेचे मीटर आपल्या परिचयाचे आहे. पंखा जास्त फिरला की युनिट वाढतात, युनिट वाढले की बिल वाढते. ब्रॉडबँडकडेही आपण त्याच दृष्टीने पाहतो. परंतु आज घरोघरी घेतल्या जाणाऱ्या बहुतेक ब्रॉडबँड योजनांचे भाडे वापरावर नसते, महिन्यावर असते. वापराची एक मोठी मर्यादा योजनेत लिहिलेली असते. ती ओलांडली तर त्या महिन्यापुरता वेग कमी होतो, पैसे वाढत नाहीत. त्या मुलीच्या घरच्या योजनेच्या अटींतही हेच छापलेले होते. बहिणीने रात्रभर अभ्यास केला काय किंवा महिनाभर संगणक झाकून ठेवला काय, बिल तेवढेच आले असते.

मग वाढले कशाने?

कोलियांच्या प्रदेशात दीघजाणू नावाच्या गृहस्थाने तथागतांना विचारले होते, की आम्ही संसारी माणसे, मुलाबाळांत राहणारी, आमच्या हिताचे काय ते सांगा. त्या उपदेशात चार गोष्टी आल्या आहेत आणि त्यांतील एक ‘समजीविता’ ही आहे. आपली आवक किती आणि जावक किती हे गृहस्थाने जाणावे आणि त्या बेताने जगावे, असा तिचा आशय. तेथे दृष्टान्त तराजू धरणाऱ्याचा दिला आहे : पारडे किती खाली गेले, किती वर आले, हे तो नेमके ओळखतो. वंदनेनंतरच्या प्रवचनात हे सुत्त आमच्या मुलांनी अनेकदा ऐकलेले आहे. त्या दिवशी आम्ही फळ्यावर दोन पारडी काढली. एका बाजूला डिसेंबर, दुसऱ्या बाजूला जानेवारी. फरक ३५२ रुपये ८२ पैसे. वर्गाला प्रश्न दिला, की या फरकातील प्रत्येक पैशाचा पत्ता सांगा.

येथे पद्धतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. वाढलेले बिल हाती आले की आपण शेवटची एकूण रक्कम पाहतो आणि घाबरतो किंवा संतापतो. एकूण रकमेतून काहीच कळत नाही. आधीचे बिल शेजारी ठेवून ओळीला ओळ लावावी लागते. कोणती ओळ नवी आली आणि कोणती नाहीशी झाली, हे दोन्ही पाहावे लागते. नाहीशी झालेली ओळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती शोधणे अवघड. आणि बहुधा तीच महागात पडते.

जुने बिल नसेल तर? या घरी पहिल्या दोन-तीन बिलांचे कागद नव्हते, पण थोरल्या बहिणीच्या वहीत दर महिन्याची रक्कम लिहिलेली होती. जुलै, ८८३ रुपये. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत ५८९. तेवढ्या नोंदीवरून सारा इतिहास उभा राहिला.

जाहिरातीत ‘दरमहा ४९९’ असे लिहिले होते. पहिले बिल ८८३ आले, तेव्हाही घरात असेच आश्चर्य झाले होते. पण नवी जोडणी आहे, असे काहीतरी असेल म्हणून त्यांनी ते भरून टाकले. जोडणी १६ जूनला झाली होती आणि कंपनीचे बिलचक्र महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होत होते. म्हणून १ जुलैच्या बिलात जूनचे उरलेले १५ दिवस आणि जुलैचे आगाऊ भाडे असे दोन्ही आले. १५ दिवसांचे २४९ रुपये ५० पैसे, जुलैचे ४९९, मिळून ७४८ रुपये ५० पैसे. त्यावर १८ टक्के कर १३४ रुपये ७३ पैसे. बेरीज ८८३ रुपये २३ पैसे. मुलांनी हे स्वतः केले आणि उत्तर वहीतील नोंदीशी जुळताच वर्गात टाळ्या वाजल्या. पुस्तकातील उदाहरणाला अशा टाळ्या आम्ही कधी ऐकल्या नाहीत.

ऑगस्टपासूनचे ५८९ म्हणजे ४९९ अधिक १८ टक्के कर, अर्थात ५८८ रुपये ८२ पैसे. हा कर बिलावर दोन ओळींत दिसतो, केंद्राचा ९ टक्के आणि राज्याचा ९ टक्के. अनेकांना तो दोनदा घेतल्यासारखा वाटतो. तो एकाच कराचा अर्धा-अर्धा भाग आहे. दूरसंचार सेवांसाठी बिलावर ९९८४ ने सुरू होणारा संकेतांक असतो. मुलांनी तोही शोधून काढला. जाहिरातीतील आकड्याच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘कर अतिरिक्त’ असे असते, आणि आमचे मत विचाराल तर ती अक्षरे इतकी बारीक ठेवण्याचे काही कारण नाही. सर्वांना भरावीच लागणारी रक्कम मोठ्या अक्षरांत सांगता आली असती.

कर बदलला की कंपनीने दर न वाढवताही बिल वाढते, हेही याच ठिकाणी सांगण्यासारखे आहे. ३० जून २०१७ पर्यंत अशा सेवेवर उपकरांसह १५ टक्के सेवा कर होता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि तो १८ टक्के झाला. ४९९ रुपयांच्या भाड्याला आधी ५७३ रुपये ८५ पैसे पडत होते, नंतर ५८८ रुपये ८२ पैसे पडू लागले.

आता जानेवारीचे बिल. त्यात मासिक भाडे ५९९ रुपये लिहिले होते. डिसेंबरच्या बिलातही ५९९ च लिहिले होते! वर्ग येथे अडखळला. एका मुलाने डिसेंबरचा कागद पुन्हा वाचला तेव्हा भाड्याच्या खाली एक ओळ सापडली : सवलत, वजा १००. जानेवारीत ती ओळ नव्हती. योजनेचा खरा दर ५९९ होता. नव्या ग्राहकाला डिसेंबरअखेरपर्यंत १०० रुपयांची सूट होती. मुदत संपली आणि सूट गेली. करासह त्याचे ११८ रुपये झाले. हीच ती नाहीशी झालेली ओळ.

दुसरी ओळ नवी होती. मनोरंजनाच्या ॲपचा एक संच, ९९ रुपये. करासह ११६ रुपये ८२ पैसे. तिसरी ओळ विलंब शुल्काची, १०० रुपये, करासह ११८. विलंब शुल्कावरही कर लागतो, हे मुलांना अन्यायाचे वाटले. पण कायद्यात उशिराबद्दल घेतलेली रक्कम सेवेच्या मूल्यातच धरली जाते. तिन्हींची बेरीज ३५२ रुपये ८२ पैसे. पारडे जुळले. बहिणीच्या अभ्यासाचा त्यात एक पैसाही नव्हता.

त्या मुलीने वर्गातून बाहेर येऊन वसतिगृहाच्या फोनवरून घरी हे सांगितले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, एवढेच तिने आम्हाला नंतर कळवले.

कारण समजले म्हणजे आकारणी न्याय्य ठरली, असे मात्र नव्हे. या तीन ओळींचा न्याय तीन वेगळ्या प्रकारे करावा लागला.

सूट संपली, त्यात कंपनीने करार मोडला नव्हता. अर्जावर मुदत लिहिलेली होती आणि खाली आईची सही होती. दर मोठ्याने सांगायचा आणि मुदत हळू आवाजात, ही विक्रीची रीत आम्हाला आवडत नाही. पण तक्रार करून ते १०० रुपये परत मिळाले नसते. यावर उपाय सहीच्या वेळीच असतो. जोडणी घेताना एकच प्रश्न विचारावा : हा दर कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यानंतर किती? उत्तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर लिहून ठेवावे. या घराने १ फेब्रुवारीपासून कमी वेगाची ३९९ ची योजना घेतली. व्याख्याने ऐकायला तो वेग पुरेसा होता.

विलंब शुल्कही योग्य होते. नोंदणीकृत मोबाइल क्रमांक थोरल्या भावाचा होता आणि भाऊ नोकरीसाठी चाकणला गेला होता. बिलाचा संदेश त्याच्या फोनवर जात राहिला, घरी कोणाला कळले नाही, डिसेंबरचे पैसे नऊ दिवस उशिरा भरले गेले. क्रमांक बदलून आईचा केला. ते ११८ रुपये आम्ही शिकवणीची फी समजलो.

ॲपच्या संचाचे तसे नव्हते. तो घरात कोणी मागितला नव्हता. जोडणी करायला आलेल्या मुलाने आईचा फोन हाती घेऊन सहा महिने मोफत म्हणून तो सुरू करून दिला होता. नंतर पैसे लागतील हे सांगितले नव्हते आणि मोफत मुदत संपताना संमतीही विचारली नव्हती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १३ प्रकार सांगितले आहेत. न मागितलेली वस्तू टोपलीत घालणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे, किंमत एकदम न सांगता टप्प्याटप्प्याने उघड करणे, हे त्यांतील तीन. आमच्या वर्गाने हे तीन प्रकार वाचले आणि ११६ रुपये ८२ पैशांसाठी तक्रार करायचे ठरवले.

आईला हे पटत नव्हते. एवढ्याशा पैशासाठी कोणाच्या तोंडी लागायचे, आणि आपल्याला इंग्रजी येत नाही, असे तिचे म्हणणे. आम्ही या म्हणण्याकडे दुर्लक्ष केले नाही, कारण आमच्या बहुतेक पालकांच्या मनात तेच असते. अंगणवाडीच्या मदतनीसाला ११६ रुपये ही लहान रक्कम नाही. लहान असते ती विचारण्याची सवय. ज्या सभागृहात आम्ही हे बोलत होतो तेथील भिंतीवर बाबासाहेबांचे छायाचित्र आहे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्या छायाचित्राखाली बसणाऱ्या मुलांच्या घरी रुपयाचा हिशेब विचारायला संकोच वाटावा, हे आम्हा शिक्षकांनाच लागले.

तक्रारीची वाट सरकारने आखून दिलेली आहे. दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम २०१२ चे आहेत आणि त्यांत दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र. तेथे फोन केला की तक्रारीला क्रमांक मिळतो. तो क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नये, कारण पुढचे सारे त्यावर उभे असते. भाषा निवडताना मराठी निवडता येते. आईने फोन केला, क्रमांक घेतला. चार दिवसांनी ‘आपली तक्रार निकाली काढली आहे’ असा संदेश आला. काय निकाल, ते त्यात नव्हते. बहुतेक लोक येथे थांबतात.

दुसरी पायरी त्याच कंपनीतील अपील प्राधिकाऱ्याची. पहिल्या उत्तराने समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत तेथे अपील करता येते. शुल्क काहीही नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. बहिणीने अपील लिहिले. मसुदा वर्गाने वाचला आणि त्यातील सारी विशेषणे काढून टाकली. उरले ते एवढेच : ग्राहक क्रमांक, बिलाची तारीख, वादातील ओळ, रक्कम, तक्रारीचा क्रमांक, आणि एक मागणी. आमची संमती कोणत्या तारखेला व कशी घेतली, त्याची नोंद दाखवावी. नसल्यास रक्कम परत करावी. नोंद दाखवली गेली नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस रक्कम वळती करण्याचा निर्णय आला.

दूरसंचार नियामक प्राधिकरण स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, हे ध्यानात ठेवावे. तिकडे अर्ज पाठवून वाट पाहणारे पालक आम्ही पाहिले आहेत. अपिलातही न्याय मिळाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे, आणि त्यापलीकडे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १६ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाने तो ग्राहकांच्या बाजूने मिटला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या सेवेसाठी आयोगात शुल्क लागत नाही.

इतर मुलांच्या घरच्या गोष्टी नंतर वर्गात येत गेल्या. एकाच्या घरी बँकेतून पैसे आपोआप वळते होत होते, त्यामुळे दर वाढल्याचे चार महिने कोणाला कळलेच नाही. अशा वजावटीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सूचना येत होती. ती जाहिरातींच्या संदेशांत बुडत होती. दुसऱ्याच्या घरी सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले होते आणि सातव्या महिन्यात पुन्हा सहा महिन्यांचीच रक्कम मागितली गेली, म्हणून घरची मंडळी हबकली. एकाने जोडणी बंद केली, पण यंत्र परत दिल्याची पावती घेतली नाही आणि अनामत अडकली.

गावातील केबलवाल्याकडून ब्रॉडबँड घेणाऱ्यांची संख्या आमच्या पालकांत बरीच आहे. तेथे बिल नसते. दरमहा माणूस येतो, पैसे नेतो, वहीत टिक करतो. दर वाढला तर तोंडी सांगतो. माणूस ओळखीचा असतो, रात्री जोडणी तुटली तर शिडी घेऊन येतो, हे त्याच्या बाजूने खरेच आहे. तरीही ज्या व्यवहाराचा कागद नाही, त्यात वाढ कशाची झाली हे कोणालाच दाखवता येत नाही. कर घेत असेल तर त्याचा कर नोंदणी क्रमांक असलेली पावती मागावी. ओळख त्यामुळे तुटत नाही.

त्या घरचा हिशेब अजून एका बिलाने पुढे गेला. फेब्रुवारीचे बिल ३९९ वर १८ टक्के, म्हणजे ४७० रुपये ८२ पैसे आले. मार्चचे आले ३५४ रुपये. घरात आनंद झाला; दर आता साडेतीनशेवर आला असे वडिलांनी शेजाऱ्यांनाही सांगितले आणि एका शेजाऱ्याने त्या भरवशावर जोडणी मागवलीही. दर तोच होता. परत मिळालेले ११६ रुपये ८२ पैसे त्या महिन्यात वजा झाले होते, आणि एप्रिलमध्ये पुन्हा ४७० रुपये ८२ पैसेच आले. उतरलेले बिलही तितक्याच बारकाईने वाचावे लागते, हे आमच्याही ध्यानात आधी आले नव्हते. शेजाऱ्याची समजूत घालायला थोरल्या बहिणीला दोन्ही कागद घेऊन जावे लागले.

यंदा हा पाठ नववीच्या वर्गापासून घेण्याचे योजले आहे. पालकांना विनंती, की दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांबरोबर ब्रॉडबँडची, नसल्यास मोबाइलची किंवा विजेची, लागोपाठची दोन बिले पाठवावीत. नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक कागदाची पट्टी चिकटवून झाकावेत. बिले तपासून झाल्यावर मुलांच्या हिशेबासह परत पाठवली जातील.